बेटकुळी खाली घसरली, आता ऑपरेशन करायचं का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ 56 वर्षांचे, तालुक्याच्या गावात हार्डवेअरचं दुकान, आणि नळ, वायरिंग, दरवाजे-खिडक्यांची फिटिंगची कामंही स्वतःच जाऊन करतात. बारा-तेरा दिवसांपूर्वी सकाळी दुकानाचं शटर अडकलं म्हणून उजव्या हाताने जोरात वर रेटलं तर खांद्यात कट्ट असा आवाज आला, कळ आली, आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर दंडाची बेटकुळी कोपराकडे घसरून गोळा झालेली, वर खांद्याजवळ खड्डा, आणि कातडी काळी-निळी. गावातल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बायसेप्सची, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूची, वरची शीर (रक्ताची नस नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, टेंडन) तुटली आहे, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा. पुण्यात असलेला मुलगा जिमला जातो, त्याने नेटवर वाचून सांगितलं की दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं नाही तर हात कायमचा कमजोर होतो, तिकडचे डॉक्टर टाळतायत. बायको म्हणते सहा महिने हात गळ्यात बांधून ठेवा, काही उचलायचं नाही. शेजारचे एकजण हाडवैद्याकडे नेऊन गोळा वर चढवून घट्ट पट्टी बांधून घेऊ म्हणतायत. तरुणपणी तालमीत जोर मारलेले, दंडावरून गावात ओळखले जायचे, आता फुल शर्ट घालून दुकानात बसतात. पत्रात शेवटी जाता जाता एक ओळ आहे, की हा खांदा तसा दोन वर्षांपासून दुखतच होता, दोन इंजेक्शनं घेतली होती, त्या कुशीवर झोपता येत नाही. त्यांना थोडी शुगर आहे, सिगारेट चालू आहे. प्रश्न एकच, हात गेला का माझा, आणि ऑपरेशन करू का?

दादा, आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, हात गेलेला नाही. पत्रात तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे वर खड्डा आणि गोळा खाली कोपराकडे, ते वरची शीर तुटल्याचं अगदी ठरलेलं चित्र आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुमच्या वयाच्या बहुतेक माणसांना जगभर कुठेही हेच सांगितलं जातं. तुम्ही गावातले, वय झालेले म्हणून तुम्हाला टाळलंय असं मनात आणू नका.

पण तुमचा मुलगाही खोटं बोलत नाहीये. तो जे वाचून सांगतोय ते बरोबर आहे, फक्त ते त्याच स्नायूच्या दुसऱ्या टोकाबद्दल आहे. सगळा घोळ इथे झालाय आणि मला येणाऱ्या पत्रांमध्ये हा घोळ नेहमी दिसतो, कारण नेटवर बायसेप्स तुटला असं शोधलं की दोन्ही टोकांची माहिती एकत्र समोर येते आणि वाचणारा घाबरतो. म्हणून जरा सविस्तर सांगते, वेळ काढून वाचा आणि मुलालाही वाचायला द्या.

बायसेप्सला वरच्या बाजूला दोन मुळं असतात, खालच्या बाजूला मुख्य टोक एक. वरचं एक मूळ लांब, एक आखूड. दोन्ही खांद्याच्या मागच्या त्या पसरट त्रिकोणी हाडापासून निघतात ज्याला डॉक्टर स्कॅपुला म्हणतात. आखूड मूळ निघतं ते खांद्याच्या पुढच्या बाजूला, कॉलर बोनच्या खाली बोट दाबलं की एक छोटं हाडाचं टोक लागतं आणि दाबल्यावर थोडं दुखतं पण, तिथून. ते सरळ, मोकळ्या वाटेने खाली येतं. लांब मूळ मात्र खांद्याच्या सांध्याच्या आत, वाटीच्या अगदी वरच्या काठावरून सुरू होतं, मग दंडाच्या हाडाच्या गोल डोक्यावरून वळसा घेतं आणि त्या हाडाच्या पुढच्या अंगाला एक अरुंद खाच आहे त्या खाचेतून खाली उतरतं. म्हणजे हात जितक्या वेळा वर-खाली होतो तितक्या वेळा ही शीर त्या खाचेत सरकते, वळणावर घासते. रहाटावरचा दोर जसा वर्षानुवर्षं एकाच जागी घासून आतून विरत जातो आणि मग एखाद्या दिवशी अर्ध्या बादलीलाही तुटतो, तसं होतं हे. तुमच्या शटरने फक्त शेवटचा धागा तोडला. तुमची चूक काही नाही त्यात, ते नसतं तर पिशवी उचलताना झालं असतं.

बायसेप्स तुटण्याच्या शंभर केसेस घेतल्या तर त्यातल्या नव्वदहून जास्त याच लांब मुळाच्या असतात, आणि बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या माणसांत. आता लक्षात घ्या, हे मूळ तुटलं तरी आखूड मूळ वर घट्ट धरून आहे आणि खालचं टोक पण जागेवर आहे. म्हणजे स्नायू सुटलेला नाही, त्याच्या वरच्या दोन आधारांपैकी एक गेलाय. म्हणून तो सैल होऊन खाली गोळा झालेला दिसतो. रिपोर्टवर कुणी पॉपाय डिफॉर्मिटी असं लिहिलं तर दचकू नका, त्या कार्टूनमधल्या खलाशाच्या फुगलेल्या हातांवरून पडलेलं नाव आहे, दुसरा कुठला आजार नाही.

खालचं टोक तुटणं हे वेगळं प्रकरण. ते टोक कोपर ओलांडून पुढे जातं आणि अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला, म्हणजे रेडियसला, कोपराच्या थोडं खाली चिकटतं. तिथे एकच जोड आहे, वरच्यासारखी दुसरी मुळी सांभाळायला नाही. ते तुटलं तर अख्खा स्नायू वर खांद्याकडे पळतो, गोळा वर दिसतो, दुखतं कोपराच्या पुढच्या खोबणीत. हे साधारण तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांत जास्त, जड वजन पकडलेलं असताना हात एकदम सरळ ओढला गेला की होतं, जिममध्ये डेडलिफ्ट करताना, किंवा दोघं फ्रिज उतरवत असताना समोरच्याचा हात सुटला की. यात ऑपरेशन नाही केलं तर तळवा वर वळवण्याची ताकद साधारण चाळीस टक्के आणि कोपर वाकवण्याची तीसेक टक्के कमी होते, आणि ऑपरेशन लवकर, दोन-तीन आठवड्यांच्या आत केलेलं चांगलं, कारण नंतर शीर आखडून वर चिकटून बसते. तुमच्या मुलाने वाचलेले दोन-तीन आठवडे ते हे.

आता तुमचं वरचंच तुटलंय, खालचं नाही, याची खात्री घरी सुद्धा बऱ्यापैकी करता येते. उजवं कोपर काटकोनात वाकवा, तळवा पूर्ण वर, छताकडे करा आणि तसाच जोर लावून धरा. आता मुलाला किंवा वहिनींना सांगा की कोपराच्या पुढच्या खोबणीत बाहेरच्या बाजूने, म्हणजे अंगठ्याकडच्या बाजूने, तर्जनी आत घाला. दोरीसारखी एक टणक ताणलेली शीर लागेल आणि बोट तिच्या मागे आकड्यासारखं अडकवता येईल. अडकलं तर खालचं टोक शाबूत आहे. बाहेरच्या बाजूनेच बोट घालायचं हे मुद्दाम सांगते, कारण आतल्या बाजूला त्याच स्नायूचा एक पातळ पडदा पुढच्या हाताच्या (कोपर ते मनगट) आवरणात पसरलेला असतो, तो हाताला लागला तर शीर तुटलेली असूनही आहे असं वाटू शकतं. डाव्या हातावर आधी करून बघा म्हणजे कसं लागतं ते कळेल. (बीपी बघताना डॉक्टर स्टेथोस्कोप ठेवतात ती नाडी याच शिरेच्या आतल्या बाजूला लागून असते.) हे करून समाधान झालं तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून हीच तपासणी समोर करून घ्या, त्यांना अर्धा मिनिट लागतो.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या भीतीचं मूळ इथे आहे. तुम्ही धरून चालला आहात की बायसेप्स म्हणजेच हाताची ताकद. तालमीत असताना सगळे तेच बघायचे, बेटकुळी काढून दाखव म्हणायचे, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण हा स्नायू नक्की करतो काय ते डाव्या हातावर आत्ता बघा. डावं कोपर काटकोनात टेबलावर टेकवा, तळवा खाली करा, उजव्या हाताची बोटं डाव्या दंडावर ठेवा. मऊ लागेल. आता कोपर जराही न हलवता फक्त तळवा वर वळवा, टेबलाची कड पकडून थोडा जोर लावून. बोटांखाली स्नायू टणक झालेला कळेल. कोपर वाकलंच नाही, तरी बायसेप्स कामाला लागला. कारण तो अंगठ्याच्या बाजूच्या ज्या हाडाला चिकटतो ते हाड गोल फिरतं, आणि बायसेप्सचं सगळ्यात खास काम ते फिरवणं आहे. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी शवविच्छेदनं करून जी चित्रं काढली त्यात हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि आपण अजून जिममध्ये त्याला नुसता कोपर वाकवणारा स्नायू समजतो.

कोपर वाकवायला तर खाली दुसरा एक खमका स्नायू आहेच, ब्रेकिअलिस. तो बायसेप्सच्या खाली झाकलेला, दंडाच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागापासून निघतो आणि करंगळीच्या बाजूच्या हाडाला चिकटतो. ते हाड फिरत नाही, म्हणून तळवा वर असो, खाली असो की आडवा, ब्रेकिअलिस तेवढ्याच जोराने ओढतो. बादली उचलणं, पोतं कवेत घेणं, दुकानातलं सामान वर ठेवणं, यात खरा भार हाच घेतो आणि याला कुणी कधी दाद देत नाही. त्याच्या जोडीला पुढच्या हाताच्या बाहेरच्या अंगाचा एक स्नायू आहे, हातोडी धरल्यासारखा हात ठेवून कोपर वाकवलं की तो फुगलेला दिसतो. हे दोन्ही तुमचे शाबूत आहेत. आणि तालमीत जोर मारून तुमचा जो दंड भरला होता ना, त्यातला बराच भाग मागच्या ट्रायसेप्सचा, कोपर सरळ करणारा तो, दंडातला सगळ्यात मोठा स्नायू. जोर मारताना जमिनीपासून अंग वर ढकलतो तो ट्रायसेप्स, छाती आणि खांदा. बायसेप्सचा त्यात फार वाटा नसतो. म्हणजे ज्या ताकदीवरून लोक तुम्हाला ओळखायचे ती बहुतेक अजून तुमच्याकडेच आहे.

मग गेलं काय? तुमच्यासारख्या, ऑपरेशन न केलेल्या लोकांची ताकद मोजली गेली आहे, त्यात कोपर वाकवण्याची ताकद दहा टक्क्यांच्या आतबाहेर कमी होते आणि तळवा वर वळवण्याची वीस टक्क्यांपर्यंत. दुकान, घर, गाडी चालवणं, जेवण, यात तुम्हाला काही महिन्यांनी फरक जाणवणारही नाही कदाचित. जाणवेल ते फिटिंगच्या कामात, आणि इथे मी गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. उजव्या हाताने स्क्रू आवळताना तळवा वर वळतो, तेच बायसेप्सचं काम, आणि कोपर काटकोनात असताना त्याचा जोर सगळ्यात जास्त. त्यामुळे दिवसभर सागाच्या चौकटीत हाताने स्क्रू आवळत राहिलात तर दंड लवकर थकेल, पहिले काही महिने वाताच्या गोळ्यासारखे क्रॅम्प येतील, आखडल्यासारखं होईल. अडकलेला स्क्रू उजव्या हाताने काढताना मात्र तळवा उलट, खाली वळतो, ते काम दुसऱ्या स्नायूंचं, तिथे तुम्हाला अडचण यायचं कारण नाही. म्हणजे नुकसान नेमकं एका हालचालीत आहे आणि त्याच्यावर कॉर्डलेस ड्रायव्हर हा साधा उपाय आहे. दुकानातच असेल तुमच्या.

आता एक गोष्ट सांगते जी ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. खांद्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन करताना ही लांब शीर फार सुजलेली, विरलेली, सतत दुखणारी दिसली तर सर्जन कधी कधी ती मुद्दाम कापून सोडून देतात, दुखणं थांबावं म्हणून. तुमच्या बाबतीत जे शटरने झालं ते काही पेशंटमध्ये ठरवून केलं जातं. दोन वर्षांच्या तुमच्या दुखण्यातला काही भाग या शिरेचा असेल तर पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत खांद्याच्या पुढच्या बाजूचं दुखणं कमी झालेलंही तुम्हाला दिसेल.

ऑपरेशन कुणी करावं मग? वय कमी आहे, रोजचं पोट हाताच्या जोरावर आहे, दिवसभर पिळण्या-फिरवण्याचं जड काम आहे, किंवा आकार बिघडलेला अजिबात सहन होत नाही, अशांनी. त्यात तुटलेलं टोक दंडाच्या हाडाला पक्कं करतात, मूळ जागी सांध्यात परत नेत नाहीत. तुम्ही अधेमधे बसता, दुकानाचं काम बसून आहे पण फिटिंगही करता, म्हणून निर्णय तुमचा आहे आणि मी तुमच्या जागी असते तर अजून थांबले असते. ऑपरेशन म्हणजे चार-सहा आठवडे हात जपणं, तीन-चार महिने जड काम बंद, शुगर असल्यामुळे जखम भरण्याची आणि खांदा आखडण्याची काळजी, खर्च वेगळा, आणि मिळणार काय, तर एका हालचालीतली थोडी ताकद आणि आकार. वरच्या टोकाला मुलगा म्हणतो तशी घाई नसते. लवकर केलं तर सोपं जातं हे खरं, पण काही आठवडे हात कसा चालतो ते बघून ठरवलं तरी चालतं.

आकाराबद्दल तुम्ही फार कमी लिहिलंय पण फुल शर्टचा उल्लेख केलाय, म्हणून बोलते. गोळा कायम राहील, व्यायामाने वर चढणार नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. सूज उतरल्यावर, काळं-निळं जाऊन हिरवट-पिवळं होऊन कातडी साफ झाल्यावर तो आजच्यापेक्षा बराच कमी दिसतो. लोक विचारतील, पहिले पंधरा दिवस विचारतील. शटर उचलताना शीर तुटली, हात चालू आहे, एवढं सांगायचं. गावात ज्या दंडाचं नाव होतं तो असा झाला याचं वाईट वाटणं खरं आहे, आणि फक्त त्या कारणासाठी कुणाला ऑपरेशन करावंसं वाटलं तरी मी त्याला नावं ठेवणार नाही, पण मग कारण हेच आहे हे स्वतःशी मान्य करून करा, हात निकामी होईल या भीतीने नको.

आता ती जाता जाता लिहिलेली ओळ. दोन वर्षं दुखणारा खांदा, त्या कुशीवर झोप नाही. दादा, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ती आहे. खांद्याच्या गोल डोक्याला वाटीत धरून ठेवणारे चार स्नायू असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. बायसेप्सची लांब शीर त्यांच्या अगदी खेटून जाते, आणि पन्नाशीनंतर ही शीर तुटते तेव्हा अनेकदा त्या कफलाही चीर गेलेली असते. रात्री दुखणं, कुशीवर झोपता न येणं ही त्याचीच लक्षणं असू शकतात. बायसेप्सचा गोळा डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्याच्यावर बोलतायत, मुलगा, वहिनी, शेजारी, आणि आत कफला काही झालंय का हे कुणी विचारत नाहीये. आणि खरी घाई असलीच तर ती इथे असते, कारण त्या झटक्यात कफची मोठी चीर नव्याने गेली असेल तर ती शिवायची का हे काही आठवड्यांतच ठरवावं लागतं.

घरी एवढं बघा. दोन्ही हात बाजूने डोक्यावर न्या, उजवा अर्ध्यावरच थांबतो का. दुसऱ्या कुणी हात वर नेऊन सोडल्यावर तिथे धरून ठेवता येतो का की खाली पडतो. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात धरा, मुठी पुढे, आणि समोरच्याने मुठी आत ढकलताना तुम्ही बाहेर ढकला, उजवीकडे जोर स्पष्ट कमी आहे का. यातलं काही असेल तर या आठवड्यातच परत डॉक्टरांकडे जा. नसेल तरी खांद्याची सोनोग्राफी करा असं मी म्हणेन. चांगल्या हाताने केलेली सोनोग्राफी कफच्या मोठ्या चिरा व्यवस्थित दाखवते आणि एमआरआयच्या मानाने बरीच स्वस्त पडते. डॉक्टरांना विचारायचं ते हे, खालचं टोक नक्की शाबूत आहे ना, कफला चीर आहे का, किती मोठी, आणि असेल तर माझ्या वयाला आणि कामाला शिवून फायदा होईल का. ऑपरेशन करू का, असा मोघम प्रश्न विचारलात की उत्तरही तसंच मोघम मिळतं.

हाडवैद्याकडे जाऊ नका. शेजाऱ्यांची माया खरी आहे, पण तुटलेलं टोक आत आखडून खाली गेलंय, ते हाताने रेटून वर नेऊन हाडाला चिकटत नाही, कितीही जाणकार हात असला तरी. घट्ट पट्टीने हात सुजेल, बोटांना मुंग्या येतील, आणि पहिल्या दिवसांत गरम तेलाने जोरात चोळलं तर आतला रक्तस्राव वाढतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच.

आणि वहिनींना माझ्याकडून सांगा की सहा महिने हात गळ्यात हा तर सगळ्यात वाईट पर्याय. शुगर असलेल्या माणसाचा खांदा बांधून ठेवला की आखडायला वेळ लागत नाही, त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात आणि तो बरा व्हायला वर्ष-दीड वर्षसुद्धा घेतो. झोळी फक्त दुखतंय तोवर, काही दिवस, ती पण मधे मधे काढायची. बोटं, मनगट चालू ठेवा. डाव्या हाताच्या आधाराने कोपर हळू वाकवा-सरळ करा. ओट्याला डावा हात टेकून वाका आणि उजवा सैल सोडून झोक्यासारखा फिरवा, दिवसातून तीन-चार वेळा. दुखणं उतरलं की भिंतीवर बोटांनी चढत चढत हात वर. वजन मात्र साधारण सहा आठवडे होईपर्यंत नाही, आणि कफची सोनोग्राफी झाल्याशिवाय तर नाहीच. नंतर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात, तीन महिन्यांपर्यंत हळूहळू नेहमीच्या वजनाकडे. तळवा वळवण्याची ताकद परत आणायला तुमच्या दुकानातली हातोडी पुरेशी आहे, दांड्याच्या टोकाला धरायची, कोपर कमरेला लावून काटकोनात, आणि हातोडी हळू एका बाजूला झुकवून परत उभी, मग दुसऱ्या बाजूला. जड वाटली तर लोखंडाच्या जवळ धरा, सोपं जाईल तसतसं पकड खाली न्या. फिजिओकडे दोन-चार वेळा तरी जाऊन पद्धत बघून घ्या, रोज जायची गरज नाही.

सिगारेट बंद करा. धूम्रपानाने शिरांचा रक्तपुरवठा कमी होतो, त्या लवकर विरतात, आणि डावा खांदाही त्याच वयाचा आहे. खांद्यात आणखी इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर शीर तुटल्याचं आणि आधीच्या दोन इंजेक्शनांचं आवर्जून सांगा, वारंवार घेतलेली स्टिरॉइडची इंजेक्शनं शिरा कमकुवत करू शकतात. तसंच सिप्रोफ्लोक्सॅसिन, लेव्होफ्लोक्सॅसिन या नावाची अँटिबायोटिक्स कधी कुणी लिहून दिली तर डॉक्टरांना हा इतिहास सांगायचा, त्यांचा शिरांवर परिणाम होऊ शकतो. मनाने कुठलीही गोळी बंद मात्र करायची नाही.

मुलाशी फोनवर वाद घालू नका, त्याला इतकंच विचारा की सुट्टीत एक दिवस येऊन डॉक्टरांकडे सोबत येशील का. तो काळजीनेच बोलतोय. आणि तो जिमला जातो तर त्याला हेही सांगा की तळवे स्वतःकडे करून पुल-अप्स सोपे का जातात, तर त्या पकडीत बायसेप्सला जोर जास्त लावता येतो, आणि खालचं टोक तुटण्याचं वय त्याचं पुढे यायचंय. त्याच्यासारखे जे कोणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी, जड वजन ओढताना कोपराच्या पुढे एकदम फाटल्यासारखं झालं, गोळा वर सरकला, वर सांगितलेली शीर बोटाला अडकत नाही, तर बर्फ लावून आठवडाभर वाट बघत बसू नका, दोन दिवसांत ऑर्थोपेडिक सर्जन गाठा. आणि कुणाचाही हात असो, बोटं बधिर पडली, हात सुजून घट्ट झाला, ताप आला किंवा दंडाच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, दम लागणं असं काही झालं तर सकाळची वाट न बघता तेव्हाच हॉस्पिटलला जायचं.